मागच्या डाव्या दाराखाली

अंगठा आत गेला. बुधवारी सकाळी तो गाडी धूत होता, आणि मागच्या डाव्या दाराखाली रंगावर वाटाण्याएवढा फुगवटा दिसला म्हणून फडक्यासकट त्याने तो सहज दाबला, तर अंड्याचं कवच फुटावं तसा बारीकसा आवाज झाला आणि अंगठा पहिल्या पेरापर्यंत गाडीत. उकिडवं बसून गुडघ्यांना रग लागली होती, नळाचं पाणी बादलीतून वाहून चपलांखालून चाललं होतं, पण त्याला उठवेना. आत गार होतं. ओलं होतं. गेले पंधरा दिवस पावसाचा टिपूस नव्हता आणि आत ओल होती. अंगठा हळूच बाहेर काढला तर त्याला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी लागलेलं, तांबडं, काळसर, आणि त्याचा वास थेट लहानपणात नेणारा, नाण्यांनी भरलेली मूठ तो नाकाशी धरायचा त्या वासाकडे. शेजारचे निवृत्त हेडमास्तर पेपर आणायला निघाले होते. ते फाटकाशी थांबून म्हणाले, "काय हो, गाडी धुताय की गाडीच्या पाया पडताय?" तो हसला, आणि हसता हसता फडकं त्या भोकावर धरून ठेवलं. हेडमास्तर कोपऱ्यावर वळेपर्यंत फडकं काढलं नाही.

फुगवटा म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. एकतीस वर्षं त्याने रंगाच्या कारखान्यात काढली होती, तीही रंग जुळवायच्या खोलीत. त्या खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी, अंगातला कोटसुद्धा राखाडी, कारण आजूबाजूला दुसरा रंग असला की डोळा फसतो. त्याचा डोळा फसत नसे. कारखान्यात त्याला नावच 'डोळा' पडलं होतं. "डोळ्याला दाखवा," साहेब म्हणायचे, की पुढचं सगळं ठरलं. यंत्रं आली, आकडे दाखवायला लागली, तरी शेवटची सही डोळ्याचीच. शेजारच्या खोलीत रंग दिलेले पत्रे मिठाच्या वाफेत महिनामहिना टांगलेले असत, आणि त्यांवर फोड कधी येतात, किती येतात, याची नोंद ठेवणारा एक तिरसट म्हातारा असे. तो म्हातारा जेवणाच्या सुट्टीत एकदा त्याला म्हणाला होता, "तुझं काय बाबा, तुझं काम वरचं. आमचं खालचं. रंगाला जे होतं ना, ते रंगाला होतच नाही. ते खाली होऊन गेलेलं असतं." तेव्हा सगळे हसले होते, तोही हसला होता, कारण म्हातारा प्रत्येक गोष्टीत असलंच काहीतरी बोलायचा.

गाडी बावीस वर्षांची. हिरवी, म्हणजे आता हिरवी म्हणायची ती सवयीने. बायकोचा भाऊ, जो दर तीन वर्षांनी गाडी बदलतो आणि दर वेळी आधीच्या गाडीला शिव्या देतो, तो तिला 'डबडं' म्हणायचा. "भावोजी, काढा आता ते डबडं. लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील याची त्याला पर्वा नव्हती. छोटू काय म्हणेल हा प्रश्न होता, आणि छोटू तर काहीच म्हणत नसे. छोटू म्हणजे त्यांचा मुलगा. वय अठ्ठावीस, उंची सहा फूट, खांदे दारात न मावणारे, पण लहानपणी पडलेलं नाव पडलं ते पडलंच. छोटू बोलत नाही. लहान होता तेव्हा दोन शब्द बोलायचा, मग तेही गेले. घरी ठेवता येईनासा झाला तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, चाळीस किलोमीटरवरच्या एका संस्थेत त्याला ठेवलं. तिथे अशीच मोठी झालेली मुलं राहतात. एक आड एक रविवारी हे दोघं त्याला भेटायला जात. भेटायच्या खोलीत तो त्यांच्याकडे बघत नसे. खुर्चीवर बसत नसे. आईने हात धरला तर दार बडवावं तसा स्वतःचा गाल बडवत असे. पण गाडी आवारात शिरली की आवाजावरून ओळखून तो पायऱ्या उतरायचा, मागचं डावं दार स्वतः उघडायचा, आत बसायचा, पट्टा लावून घ्यायचा आणि तो खेचून खेचून छातीशी घट्ट करायचा. आई त्याच्या शेजारी बसायची. मग बाप गाडी काढायचा, तळ्याला वळसा घालून परत. तास, दीड तास. अर्ध्या वाटेवर केव्हातरी छोटूचं डोकं आईच्या खांद्यावर टेकायचं. ती जागची हलत नसे, शिंक आली तरी दाबायची. बाप समोरच्या आरशात बघायचा. त्या आरशात त्याचं सगळं घर मावत होतं. बाकी जगात कुठेच ते तिघं एकत्र बसू शकत नव्हते, त्या गाडीच्या पत्र्याच्या आतच काय ते बसत. म्हणून डबडं काढायचं नव्हतं.

आणि ज्याने ते पोखरलं तो दुसरा कुणी नव्हता, तो स्वतःच होता. बादली उलटी घालून तिच्यावर बसल्यावर हे त्याला इतकं सरळ आठवलं की आपण हे कधी विसरलो होतो का, असा त्याला प्रश्न पडला. छोटू तेव्हा घरीच होता. गाडीने वेग घेतला की मागून डावीकडून एक शीळ यायची. बारीक, कान टवकारल्याशिवाय ऐकूही न येणारी. पण छोटूला ती कानात सुई घातल्यासारखी व्हायची. दोन्ही कानांवर हात घेऊन तो ओरडायचा, काचेवर डोकं आपटायचा. दोन महिने त्या शिळेच्या मागे लागून शेवटी बापाने शोधून काढलं. दाराखालच्या पोकळ पत्र्याला तळाशी चार भोकं असतात, आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून. त्यातल्या दोन भोकांवरून वारा जाऊन ती शीळ वाजत होती. त्याने काय करावं? कारखान्यातून सांधे भरायचा काळा मसाला आणला आणि चारही भोकं बुजवली. बोटाने नीट दाबून, कडा पुसून, कुणी बघणार नाही त्या जागीसुद्धा सुबक. पाणी तिथून जातं हे त्याला ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी ऐंशीच्या वेगाने गाडी चालली आणि मागे छोटू गप्प बसून खिडकीतून झाडं बघत होता. बायकोने मागून त्याच्या मानेवर हात ठेवला होता. तो गाडी चालवत असताना इतकी वर्षं तिने असा हात ठेवला नव्हता. त्या हातापुढे पाण्याचं काय घेऊन बसायचं.

पाणी तिथेच राहिलं. प्रत्येक पावसाचं, प्रत्येक धुण्याचं. आणि तो तर आठवड्याला गाडी धुवायचा.

हेही एकवेळ चाललं असतं. माणूस चुकतो, मुलासाठी चुकला. पण चार वर्षांपूर्वीचं काय? चार वर्षांपूर्वी याच जागी पहिला फुगवटा आला होता, मुगाएवढा. तेव्हा तो खाली बसला, नखाने रंग उचकटला, आणि खाली तांबडं दिसलं. तेव्हा पत्रा जागेवर होता. कापून, जोडून, झाळून नीट झाला असता. पण त्याला महिना लागला असता, म्हणजे दोन रविवार गेले असते, आणि एकदा क्लच गेला म्हणून एक रविवार चुकला होता तेव्हा छोटूने फाटकावर कपाळ आपटून सात टाके घालून घेतले होते. हे कारण खरं होतं. त्याने स्वतःला हेच सांगितलं. पण आज, बादलीवर बसून, अंगठ्यावर ती तांबडी माती घेऊन, त्याला दुसरंही आठवलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्याला मजा आली होती. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष, हाताला काम नाही, डोळ्याला कुणी विचारत नाही. बायको बहिणीकडे गेली होती ते चार दिवस त्याने गाडीला दिले. गंज पॉलिश पेपरने वरवर घासला, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. आणि मग रंग. मूळ हिरवा सोपा, त्याचा नंबर असतो. पण हा अठरा वर्षं उन्हात विटलेला हिरवा. त्यात पांढरा टाकला तर दुधाळ होतो, पिवळा टाकला तर आजारी दिसतो. त्याने सतरा वेळा मिसळून बघितला. शेवटी काळ्याचा एक थेंब आणि विटकरीचा अर्धा पडला आणि रंग जुळला. दार आणि त्याखालची पट्टी एकजीव झाली. बायको आली, गाडीत बसली, तिला काही कळलं नाही. कारखान्यातला जुना मित्र चहाला आला, त्याला मुद्दाम गाडीजवळ उभं करून "काही दिसतंय?" असं विचारलं, तर तो भलत्याच दारावर बोट ठेवून मोकळा झाला. त्या दिवशी तो रात्रीच्या जेवणापर्यंत गुणगुणत होता.

फक्त छोटूला कळलं होतं. पुढच्याच रविवारी गाडीत बसायच्या आधी तो खाली वाकला आणि बोटांच्या मागच्या हाडांनी पट्टी ठोकत गेला, टण्, टण्, टण्, आणि मागच्या चाकाजवळ थप्. तिथे थांबला. पुन्हा ठोकलं. थप्. बापाकडे बघितलं, म्हणजे बापाच्या दिशेने, कानाच्या जरा वरती. "हात नको लावूस रे, ओला आहे," असं तो म्हणाला होता. ओला नव्हता. त्यानंतर छोटू दर वेळी तिथे ठोकायचा आणि दर वेळी तो म्हणायचा, "चल, बस, उशीर होतोय." बायको म्हणाली, "आता हे काय नवीन खूळ?" तो म्हणाला, "असेल काहीतरी. होईल बंद." पण छोटूने ते बंद केलं नाही.

पत्र्याचं काम करणारा माणूस गावाच्या टोकाला होता, तिथे तो दुपारी गाडी घेऊन गेला. रोड, पन्नाशीचा, एका डोळ्याखाली ठिणगीने भाजल्याचा डाग. पत्रेवाल्याने गाडीला फेरी मारली, तोंडात बडीशेप टाकली आणि खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. दाराला लावलं, चिकटलं. खाली सरकवलं, चिकटलं. मागच्या चाकाच्या दिशेने नेता नेता ते त्याच्या हातातून सुटून खाली पडलं. त्याने उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"लोखंडच नाही इथे," पत्रेवाला म्हणाला. "वीतभर नुसती पुट्टी आहे. पण काका, काम कुणी केलंय हो? हात काय चांगला आहे! मी वीस वर्षं हेच करतोय, मला दिसलं नसतं."

त्या क्षणी त्याला आनंद झाला. काय माणसाचं मन असतं! खाली लोखंड उरलं नाही हे ऐकलेलं, आणि तरी तो आनंद झालाच, क्षणभर का होईना. मग तो म्हणाला, "आधीच्या मालकाने केलं असेल."

गाडीला आधीचा मालक नव्हता. शोरूममधून तीच दोघं तिला घेऊन आली होती, आणि सहा वर्षांचा छोटू मागच्या सीटवर चढून तीन तास उतरला नव्हता.

"मालक भला माणूस," पत्रेवाला म्हणाला. "लगेच नीट केलं असतं तर गाडी अजून दहा वर्षं चालली असती. पांघरूण घातलं, आणि आत गंजाने खाऊन टाकली." बोलता बोलता त्याने मागचं दार उघडलं, पायाखालचं जाजम उचललं आणि पेचकस टेकवला. नुसता टेकवला, दाबला नाही. पेचकस खाली गेला आणि भोकातून सिमेंटची जमीन दिसली, तिच्यावरचा तेलाचा डाग दिसला. मग त्याने सीटचा पट्टा धरला. तो पट्टा खाली जिथे बोल्टने पत्र्यात बसवलेला असतो तिथे त्याने एक हिसका दिला. फार जोराचा नाही, लहान मुलाचा हात ओढावा एवढा. पट्टा, बोल्ट आणि बोल्टाभोवती बशीएवढा पत्र्याचा तुकडा त्याच्या हातात आला. पत्रेवाल्याने तो तुकडा बोटांत चुरडला आणि त्याची माती खाली सांडली.

"या जागी कोण बसतं?"

"मुलगा."

"लहान आहे?"

"नाही. मोठा आहे."

पत्रेवाल्याची बडीशेप चघळायची थांबली होती.

"जोड देता येणार नाही का?" त्याने विचारलं. आपला आवाज चिरका येतोय हे त्याला ऐकू आलं.

"जोड कशाला देऊ? जोडायला बाजूला चांगला पत्रा लागतो. बाजूच नाही. इथपासून इथपर्यंत सगळं रंगावर उभं आहे."

"फक्त रविवारपुरती? हळू चालवेन. एकदाच."

"काका," पत्रेवाला म्हणाला, आणि त्याचा सूर एकदम मऊ झाला, वडीलधाऱ्या माणसाला समजवावं तसा. "तुम्ही तुमच्या मुलाला बसवाल यात?"

बसवलं असतं. याचं त्याला सगळ्यात भय वाटलं. शनिवारपर्यंत पुट्टी वाळली असती, जाजमाखाली लाकडाची फळी टाकता आली असती, पट्टा सीटच्या सांगाड्याला आवळता आला असता, आणि रंगाचं प्रमाण त्याला अजून तोंडपाठ होतं. हे सगळं त्याच्या डोक्यात आपोआप चाललं होतं, त्याला न विचारता. आणि बसवलं असतं कशाला म्हणायचं? चार वर्षं बसवलंच होतं. ऐंशीच्या वेगाने, तळ्याच्या कडेने, त्या बोल्टाच्या भरवशावर, आणि छोटू तो पट्टा खेचून खेचून छातीशी घट्ट करत होता. त्याने गाडीची किल्ली काढून पत्रेवाल्याच्या टेबलावर ठेवली. ती उचलून परत घेतली. मग पुन्हा ठेवली.

घरी बायकोला त्याने सांगितलं की गाडी गेली, खालून सडली, आता रस्त्यावर काढता येणार नाही. ती कपडे घड्या घालत होती. हातातली घडी पुरी केली, दुसरी घेतली, तीही पुरी केली, मग खाली बसली. "मग छोटू?" एवढंच म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही. पण ती हातपाय गाळून बसणारी बाई नव्हती. सकाळी उठून तिने भावाला फोन करून त्याची गाडी रविवारसाठी मागितली आणि नवऱ्याला फर्मावलं, "जा आणि आपल्या मागच्या सीटचं कव्हर काढून आणा. तेच त्या गाडीत घालू. त्याला वास ओळखीचा वाटेल. बसेल हो, का नाही बसणार? आपण काय गाडीसाठी आईबाप आहोत का त्याचे?" तो जाऊन कव्हर काढून आला. निळं-करडं, उसवलेलं, जिथे छोटूचं डोकं टेकायचं तिथे तेलकट गोल पडलेला. शनिवारी तिने त्याची उसवण शिवली, आणि धुवायला मात्र हात लावू दिला नाही.

मेहुण्याची गाडी पांढरी, नवी, तिचा आवाजच यायचा नाही. संस्थेच्या आवारात शिरले तेव्हा छोटू पायऱ्यांवर उभा होता, केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. सातपासून उभा आहे, असं तिथल्या ताई म्हणाल्या. त्या वीस वर्षं या मुलांचं करत आल्या होत्या, उगाच गोड बोलत नसत. पांढरी गाडी थांबली. छोटूने तिच्याकडे बघितलं आणि तिच्या मागे रस्त्याकडे बघायला लागला. आई उतरली, तिने मागचं डावं दार उघडलं, कव्हरावर थाप मारली. "ये राजा, बघ तुझी जागा. बघ तरी." तो आला. वाकला, कव्हराचा वास घेतला. तिने नवऱ्याकडे बघितलं, डोळे भरून आलेले, जिंकल्यासारखे. छोटूने कव्हराच्या कडा सोडवल्या, एक एक नाडी, घाई न करता. कव्हर सीटवरून काढलं, त्याची चौकोनी घडी घातली, ती हातावर घेतली आणि फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

ओरडला नाही. कपाळ आपटलं नाही. उभा राहिला. त्याच्या हिशेबाने गाडी अजून यायची होती आणि तिचं कव्हर चुकून भलत्याच गाडीत गेलं होतं. आई त्याच्या एका बाजूला उभी राहिली, थोड्या वेळाने बाप दुसऱ्या बाजूला. एक टेम्पो गेला. सायकलवरून एक बाई गेली. दूर कुठे इंजिनाचा आवाज आला की छोटूची मान अर्धा इंच वर व्हायची आणि गाडी दिसली की खाली यायची. "ती गाडी गेली रे," बाप एकदा म्हणाला. "मोडली. आता यायची नाही." छोटूने ऐकलं की नाही कोण जाणे. आई पुटपुटली, "नका सांगू त्याला तसं." अकरा वाजले, बारा वाजले. जेवणाची घंटा झाली तेव्हा छोटू वळला आणि घडी छातीशी धरून आत गेला. त्यांच्या दोघांच्या मधून गेला. भिंतीला वळसा घालावा तसा.

ताई फाटकापर्यंत आल्या. "पंधरा दिवसांनी पुन्हा असाच उभा राहील," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिसलात की गाडी येणार असंच त्याला वाटणार. राग मानू नका, पण थोडे महिने येऊ नका. विसरला तर बरं."

"आम्हाला विसरला तर?" आईने विचारलं.

ताईंनी तिच्या दंडाला हात लावला.

परतीच्या वाटेवर ती त्याच्या शेजारी पुढे बसली होती. गेली नऊ वर्षं जाताना-येताना ती पुढेच बसायची, पण आज रिकाम्या मागच्या सीटकडे सारखी मान वळवून बघत होती. तळं आलं आणि गेलं. मग तिने तोंड न वळवताच विचारलं, "तो दर वेळी ठोकून बघायचा ना हो तिथे? त्याला कळलं होतं का?"

"असेल."

"आणि तुम्हाला? तुमचा एवढा डोळा. तुम्हाला कधी काही दिसलं नाही?"

विचारण्यात संशय नव्हता. खोच नव्हती. ती अंधारात चाचपडावं तसं विचारत होती, कुठेतरी हात टेकायला मिळावा म्हणून. सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं. मुगाएवढा फुगवटा, चार दिवस, सतरा वेळा मिसळलेला रंग. ती रडली असती, ओरडली असती, कदाचित पुन्हा कधी बोललीच नसती. पण त्या ओझ्याखाली ते दोघं तरी एकत्र असते. त्याने श्वास घेतला.

"नाही," तो म्हणाला. "वरून काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं."

आवाज कुठे हलला नाही. त्याच्या त्यालाच नवल वाटलं.

तिने हळूहळू मान हलवली. मग त्याच्या मानेवर हात ठेवला, थकलेला, गरम हात, आणि तो तिथेच राहू दिला. "मग तुमचा काय दोष," ती म्हणाली. "उगाच मनाला लावून घेऊ नका."

घर यायला अजून अर्धा तास होता. तेवढा वेळ तिने हात काढला नाही.